तर्काचे चार प्रकार मुलांच्या हातात: कार्डसंच बनवतानाच्या नोंदी

१४ जून

सहावी ते आठवीच्या मुलांसाठी तर्काचे मूलभूत प्रकार शिकवणारा कार्डसंच बनवायला घेतला आहे. चार प्रकार घ्यायचे ठरवले: निगामी, विगामी, साधर्म्यावर आधारलेला आणि कारण शोधणारा. आठवड्याला एक तास मिळणार आहे, तिन्ही इयत्तांची मुले एकत्र. असेच काही करू पाहणाऱ्यांसाठी या नोंदी ठेवते आहे. कुठे काय फसते हे आधी कळले तर त्यांचे तास वाचतील.

सामान थोडेच आहे: कार्डशीट, मार्कर, सुतळीचे मोठे वेढे, आतले दिसणार नाही अशी पिशवी, दोन रंगांचे मणी, चौकटीचा कागद. खरा खर्च वेळेचा आहे आणि तो कार्डावरचे वाक्य नेमके करण्यात जातो. एक शब्द सैल राहिला की मुले त्याच फटीतून बाहेर पडतात, आणि त्यांचे बरोबरच असते.

पहिला आराखडा असा: प्रत्येक प्रकाराची व्याख्या, मग उदाहरणे, मग मिसळलेल्या कार्डांची वाटणी.

२१ जून

आराखडा पहिल्याच तासाला कोसळला. व्याख्या सगळीकडे आढळतात त्याच दिल्या होत्या: निगामी तर्क सामान्याकडून विशेषाकडे जातो, विगामी विशेषाकडून सामान्याकडे. मुलांनी त्या पटकन पाठ केल्या. कार्डे वाटताना मात्र गोंधळ उडाला.

कार्ड होते: ‘अ हा ब पेक्षा उंच आहे. ब हा क पेक्षा उंच आहे. म्हणून अ हा क पेक्षा उंच आहे.’ सातवीतल्या एका मुलीने विचारले, “बाई, यात सामान्य काय आहे? तिघेही विशेषच आहेत.” तरीही हा निगामी तर्क आहे आणि अगदी पक्का आहे. दुसरे कार्ड: ‘ही घंटा आजवर रोज दहा वाजता वाजली. म्हणून उद्याही दहाला वाजेल.’ इथे निष्कर्षही एका उद्यापुरताच, म्हणजे विशेषच. पण तर्क विगामी. व्याख्येच्या फूटपट्टीने मोजले तर दोन्ही कार्डे भलत्या ढिगात जातात, आणि मुलांनी ती तशीच टाकली.

तास संपेपर्यंत वादच चालला. घरी येऊन व्याख्यांची कार्डे बाजूला काढली. त्यांच्या जागी एकच प्रश्न ठेवते आहे, संचाच्या डब्यावरच लिहून: आधाराची सगळी विधाने खरी असूनही निष्कर्ष खोटा ठरू शकतो का? ठरू शकत असेल, तर तो कशाने मोडेल?

पहिल्या भागाचे उत्तर ‘नाही’ असेल तर तर्क निगामी आणि बिनचूक. ‘हो’ असेल तर दुसऱ्या भागाच्या उत्तरावरून प्रकार ओळखता येतो. एखादे उलटे उदाहरण सापडून मोडत असेल तर विगामी. दोन गोष्टींतले साम्य नेमक्या ठिकाणी तुटून मोडत असेल तर साधर्म्य. त्याच खुणा समजावणारे दुसरे, अधिक पटणारे कारण पुढे येऊन मोडत असेल तर कारणशोध. प्रकाराचे नाव पाठ असण्यापेक्षा निष्कर्ष किती भार पेलेल हे मुलाला सांगता येणे मला जास्त मोलाचे वाटते. पुढची सगळी कार्डे याच प्रश्नाभोवती बांधणार.

२८ जून: निगामी तर्क

आजचे अवघड कार्ड: ‘सर्व पक्ष्यांना पिसे असतात. कावळ्याला पिसे असतात. म्हणून कावळा पक्षी आहे.’ जवळजवळ सगळ्यांनी ‘बिनचूक’ असा शेरा दिला. तिन्ही वाक्ये खरी आहेत, मग चूक कुठे, हा त्यांचा सवाल. लगेच त्याच साच्यातले दुसरे कार्ड पुढे केले: ‘सर्व मासे पाण्यात राहतात. डॉल्फिन पाण्यात राहतो. म्हणून डॉल्फिन मासा आहे.’ डॉल्फिन सस्तन प्राणी आहे हे त्यांना ठाऊक आहे, त्यामुळे हा तर्क त्यांनी ताबडतोब फेटाळला. पण दोन्ही कार्डांचा साचा एकच आहे हे बहुतेकांना दिसले नाही. निष्कर्ष ओळखीचा आणि खरा असला की त्यामागचा तर्क कोणी तपासत नाही. मोठी माणसेही तपासत नाहीत.

दोन गोष्टींनी काम झाले.

पहिली म्हणजे अर्थ नसलेले शब्द. ‘सर्व टिंबू खरबरीत असतात. गुगा खरबरीत आहे. म्हणून गुगा टिंबू आहे.’ टिंबू कोण हे कोणालाच माहीत नसल्याने आधीच्या माहितीचा आधार घेता येत नाही आणि साचाच बघावा लागतो. सहावीच्या मुलांना हे सर्वांत आधी जमले.

दुसरी म्हणजे सुतळी. जमिनीवर एक मोठा वेढा टाकला, तो खरबरीत वस्तूंचा. त्याच्या आत लहान वेढा, तो टिंबूंचा. आता गुगाचे कार्ड ठेवायचे. मुले ते सरळ आतल्या वेढ्यात ठेवू लागली. मी एवढेच विचारले की मोठ्या वेढ्यात पण लहान वेढ्याबाहेर ठेवले तर दिलेले एखादे वाक्य खोटे पडते का. एका मुलाने कार्ड उचलून दोन सुतळ्यांमधल्या पट्ट्यात ठेवले, दोन्ही वाक्ये मोठ्याने वाचली आणि कार्ड तिथेच राहू दिले. मग डॉल्फिन त्याच पट्ट्यात गेला. शेवटी कावळाही तिथे जाऊ शकतो हे त्यांनीच सांगितले: कावळा खरोखर पक्षी आहे, पण या दोन वाक्यांनी ते सिद्ध होत नाही.

विधाने अशी वर्तुळांनी दाखवण्याची रीत गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरने १८व्या शतकात लोकप्रिय केली. जॉन व्हेनच्या आकृत्या १८८०च्या. मुलांना मी हे शेवटी सांगितले. सुतळी हातात असताना नावांना महत्त्व नव्हते.

कामाची सूचना: सुतळी नवी आणि पीळदार असेल तर वेढा नीट बसत नाही, आठाचा आकडा होतो. आदल्या दिवशी भिजवून, ताणून वाळवा.

५ जुलै: ‘जर… तर…’

पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६६मध्ये मांडलेले चार कार्डांचे कोडे देवनागरीत करून घेतले. प्रत्येक कार्डाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला संख्या. समोर दिसतात: अ, क, ४, ७. नियम: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम पाळला गेला आहे की नाही हे ठरवायला नेमकी कोणती कार्डे उलटायची?

कार्डशीट पातळ निघाले. मार्करची शाई मागून दिसत होती आणि पुढच्या रांगेतल्या मुलांनी न उलटताच उत्तरे वाचली. अर्धा तास तिथेच गेला. दोन कार्डांच्या मध्ये काळा कागद घालून चिकटवून पुन्हा केली. दुहेरी बाजूची कार्डे बनवताना सुरुवातीलाच हे करा.

नव्या कार्डांवर बहुतेकांनी ‘अ आणि ४’ असे उत्तर दिले. मोठ्यांचीही अनेकदा हीच निवड असते. बरोबर उत्तर ‘अ आणि ७’. चारच्या मागे व्यंजन निघाले तरी नियम मोडत नाही, कारण व्यंजनाबद्दल नियमाने काहीच म्हटलेले नाही. सातच्या मागे स्वर निघाला तर मात्र मोडतो. हे मी तीन-चार प्रकारे समजावले, मुलांनी माना डोलावल्या, आणि पुढच्या कोड्यात पुन्हा तीच चूक झाली.

१२ जुलै

चार कार्डे तशीच ठेवून गोष्ट बदलली. नियम: जो पोहण्याच्या तलावात खोल भागात उतरेल त्याला पोहता आलेच पाहिजे. चार मुलांची चार कार्डे: ‘खोल भागात आहे’, ‘उथळ भागात आहे’, ‘पोहता येते’, ‘पोहता येत नाही’. तुम्ही पहारेकरी आहात, कोणाची चौकशी कराल?

एकही चूक झाली नाही. खोल भागातल्याला पोहता येते का ते विचारायचे, आणि ज्याला पोहता येत नाही तो कुठे आहे ते बघायचे. पोहता येणाऱ्याने हवे तिथे असावे, त्याला कशाला विचारायचे?

मग गेल्या वेळची कार्डे या कार्डांच्या बरोबर खाली मांडली. ‘खोल भागात’च्या खाली अ, ‘उथळ भागात’च्या खाली क, ‘पोहता येते’च्या खाली ४, ‘पोहता येत नाही’च्या खाली ७. हा जोड कोणी आपणहून लावत नाही, तो शेजारी मांडूनच दाखवावा लागतो. दोन्ही कोडी वेगवेगळ्या दिवशी घेतली तर पहिल्याचा दुसऱ्याला काहीच उपयोग होत नाही, म्हणून आता ती एकाच पाकिटात ठेवली आहेत.

शेवटची दहा मिनिटे भूमितीतल्या व्यत्यासाला, म्हणजे ‘जर’ आणि ‘तर’चे भाग उलटवून मिळणाऱ्या विधानाला, दिली. ‘चौकोन चौरस असेल तर त्याच्या चारही बाजू समान असतात’ हे खरे. व्यत्यास समभुज चौकोनाने मोडतो. ‘संख्येला ६ ने भाग जात असेल तर २ ने जातो’ हे खरे. व्यत्यास ४ ने मोडतो. पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास मात्र खरा आहे, पण त्यासाठी वेगळी सिद्धता द्यावी लागते. आठवीच्या मुलांना हे तिसरे उदाहरण द्याच, नाहीतर व्यत्यास नेहमी खोटाच असतो असा नवा गैरसमज तयार होतो.

१९ जुलै: विगामी तर्क

सुरुवात वेसनच्याच १९६०च्या खेळाने. मी म्हणते: २, ४, ६ हे त्रिकूट माझ्या नियमात बसते. तुम्ही त्रिकुटे सुचवा, मी हो किंवा नाही सांगेन, त्यावरून नियम ओळखा. मुलांनी ८, १०, १२ विचारले: हो. २०, २२, २४: हो. १००, १०२, १०४: हो. ‘दोन-दोनने वाढणाऱ्या सम संख्या!’ नाही. माझा नियम एवढाच होता की प्रत्येक संख्या आधीच्या संख्येपेक्षा मोठी असावी.

खेळ रंगला, पण हातात काही पडले नाही. मुलांना तो फसवणुकीचा वाटला. दुसऱ्या फेरीत एक अट घातली. त्रिकूट विचारण्याआधी वहीत लिहायचे की उत्तर ‘हो’ येईल की ‘नाही’, आणि ‘नाही’ येईल असे वाटणारे त्रिकूट विचारल्याशिवाय नियम जाहीर करायचा नाही. एका गटाने १, २, ३ विचारले आणि वहीत ‘नाही’ लिहिले. मी ‘हो’ म्हटल्याबरोबर गटात कुजबुज सुरू झाली आणि नियम त्यांनी लवकरच काढला. आपल्याच कल्पनेला मोडू शकेल असा प्रश्न शोधायला शिकवणे हा या तासाचा गाभा आहे. बाकी वेळ कमी पडला तरी हे सोडू नका.

नंतर वर्तुळाचे कोडे. परिघावर बिंदू घ्या, प्रत्येक जोडी रेषेने जोडा, वर्तुळाचे किती भाग पडतात मोजा. १ बिंदूला १ भाग, मग २, ४, ८, १६. सहा बिंदूंना? सगळे म्हणाले ३२. खरे उत्तर ३१.

इथे कृतीतली एक खोच आहे. बिंदू सारख्या अंतरावर घेतले तर तीन लांब कर्ण मध्यभागी एकाच ठिकाणी छेदतात आणि भाग ३० पडतात. नीटनेटकी मुले कोनमापक घेऊन बिंदू सारख्या अंतरावर घेतात, त्यामुळे त्यांचे उत्तर हमखास ३० येते. काहींचे ३१ आले. आणि ३२ची खात्री असलेल्यांपैकी काहींनी ३२ मोजलेसुद्धा! बिंदू मुद्दाम वेडेवाकडे घ्यायला सांगा, वर्तुळ पानभर मोठे काढा आणि प्रत्येक भागात क्रमांक लिहायला लावा. क्रमांक लिहिले की ३२वा भाग सापडत नाही. सात बिंदूंना ५७ भाग पडतात, ६४ नव्हे; हे मी फक्त सांगितले, मोजायला लावले नाही.

आठवीसाठी जोडकार्ड: न² + न + ४१ मध्ये न च्या जागी ० पासून ३९ पर्यंत कोणतीही संख्या घाला, मूळ संख्याच मिळते. ४० घातले की १६८१, म्हणजे ४१ × ४१. इतकी ओळीने उदाहरणे आणि तरीही नियम नाही. हे कार्ड वाचून एक मुलगा बराच वेळ कॅल्क्युलेटर घेऊन बसला होता.

२६ जुलै

गेल्या तासाचा परिणाम अपेक्षेपेक्षा जास्त झाला. मुले आता काहीच मान्य करत नाहीत. ‘सर्व हंस पांढरे असतात’ हे युरोपात शतकानुशतके खरे मानले गेले, आणि १६९७मध्ये डच दर्यावर्दी विलेम द व्लामिंगच्या मोहिमेला पश्चिम ऑस्ट्रेलियात काळे हंस दिसले, ही गोष्ट सांगितल्यावर एकजण म्हणाला, “मग विज्ञानावर विश्वास का ठेवायचा?” प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याला ‘विज्ञान वेगळे असते’ असे उत्तर देऊन चालणार नव्हते. विगामी तर्क कमी-जास्त मजबूत असतो आणि ती मजबुती वाढवता येते, हे हातानेच दाखवायला हवे होते.

पिशवीत लाल आणि निळे मणी. न बघता एक काढायचा, रंग नोंदवायचा, परत टाकायचा, पिशवी हलवायची. थोड्या नोंदींनंतर अंदाज, मग आणखी नोंदी, पुन्हा अंदाज. अंदाज कसा स्थिरावत जातो ते फळ्यावर दिसते.

पण पिशवी उघडली तेव्हा आमचा अंदाज बराच चुकलेला होता. लाल मणी निळ्यांपेक्षा जरा मोठे होते आणि बोटांना तेच आधी लागत होते. हे मला आधी लक्षात आले नव्हते. एका सहावीतल्या मुलीने दोन्ही रंगांचे मणी चिमटीत धरून दाखवले. मग उरलेला तास यावरच गेला, आणि तो सत्कारणी लागला. नोंदी कितीही वाढवल्या असत्या तरी ही चूक गेली नसती. संख्येइतकीच निवड कशी झाली याला किंमत आहे. हंसांचेही तेच: पाहिलेले हंस भरपूर होते, पण सगळे जगाच्या एकाच भागातले.

आता संचात मण्यांच्या दोन पिशव्या ठेवल्या आहेत, एक सारख्या मापाची, दुसरी मुद्दाम वेगवेगळ्या मापाची. दुसरी नंतर द्यायची.

२ ऑगस्ट: साधर्म्य

हा तास लवकर आटोपला. वीज नळातल्या पाण्यासारखी वाहते, हे साम्य मुलांना विज्ञानाच्या तासाला मिळालेले असते. कुठे मोडते विचारल्यावर लगेच उत्तर आले: नळ फुटला तर पाणी बाहेर सांडते, तार तुटली तर वीज सांडत नाही, प्रवाह थांबतो.

याहून चांगले कार्ड चंद्राचे ठरले. गॅलिलिओने १६१०मध्ये दुर्बिणीतून जे पाहिले ते प्रसिद्ध केले: चंद्राच्या अंधाऱ्या भागात प्रकाशाचे सुटे ठिपके दिसतात आणि हळूहळू मोठे होतात. पृथ्वीवर सूर्योदयाला आधी शिखरे उजळतात, मग दऱ्या. म्हणून चंद्रावर डोंगर आहेत. हे साधर्म्य टिकले. पृथ्वीवर दुरून पाणी गडद दिसते या साम्यावरून चंद्रावरच्या काळ्या सपाट भागांना समुद्र म्हटले गेले; तिथे पाणी नव्हते, तो थिजलेला लाव्हा आहे. तीच दोन गोलांची तुलना, मग एक टिकली आणि दुसरी का मोडली? मुलांशी बोलता बोलता उत्तर निघाले: डोंगराच्या बाबतीत प्रकाश आणि उंची यांचा संबंध दोन्हीकडे सारखाच काम करतो, समुद्राच्या बाबतीत फक्त दिसणे सारखे होते.

९ ऑगस्ट: कारणशोध

अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स याने निगामी-विगामीच्या शेजारी या तर्काला स्वतंत्र जागा दिली. डॉक्टर, मेकॅनिक, तपास अधिकारी सगळे रोज हाच वापरतात, पण शाळेच्या पुस्तकांत तो क्वचितच नावाने येतो.

कार्डांसाठी लंडनची १८५४ची कॉलऱ्याची साथ आणि डॉ. जॉन स्नो यांचा तपास निवडला. पहिल्या वेळी सगळे नावानिशी लिहिले होते. ‘कॉलरा’ हा शब्द वाचताच मुले म्हणाली, “दूषित पाण्याने होतो.” तर्काला वावच उरला नाही.

नवी कार्डे केली, त्यांत आजाराचे आणि शहराचे नाव नाही. आधी त्या काळची प्रबळ समजूत दिली: रोग घाणेरड्या हवेने पसरतो. मग पुरावे एकेक करून. एका पंपाभोवतीच्या गल्ल्यांत मृत्यूंची दाटी आहे. (हवा आणि पाणी, दोन्ही कारणे टिकतात, दाटी दोन्हींनी समजते.) त्याच भागातल्या, गरिबांना ठेवून घेणाऱ्या संस्थेत मृत्यू फार कमी आहेत, तिची स्वतःची विहीर आहे. शेजारच्या मद्याच्या कारखान्यातले कामगार वाचले. ते पंपाचे पाणी पीत नसत. (हवेचे कारण डळमळते, कारण हवा तर सगळ्यांची एकच.) आणि मग दूरच्या उपनगरात राहणारी एक विधवा, जी त्या भागात बऱ्याच दिवसांत आलेलीच नव्हती, तीही त्याच आजाराने गेली. तिला त्या पंपाचे पाणी आवडे, म्हणून ते बाटलीत भरून रोज घरी पोचवले जाई.

प्रत्येक कार्डानंतर मुलांनी फळ्यावर दोन्ही कारणांपुढे लिहायचे: टिकते, डळमळते, मोडते. विधवेच्या कार्डाला हवेपुढे सगळ्यांनी ‘मोडते’ लिहिले. एका मुलाने मात्र हरकत घेतली: बाटलीबरोबर हवाही आली असेल. ही हरकत मी फळ्यावर तशीच ठेवली आणि ती तपासायला कोणता पुरावा लागेल हे त्यालाच विचारले. त्याने सांगितले: ज्याने बाटली आणली तो आजारी पडला का, आणि घरात अजून कोण प्यायले. त्या विधवेच्या भाचीनेही ते पाणी प्यायले होते आणि ती दुसऱ्या भागातली होती, हे कार्ड माझ्याकडे राखीव होते. तेव्हाच काढले.

शेवटचे कार्ड जपून वापरा. पंपाचा दांडा काढला आणि साथ ओसरली, एवढे सांगून थांबलो तर मुले त्यालाच निर्णायक पुरावा समजतात. पण साथ त्याआधीच उतरणीला लागली होती आणि स्नो यांनी स्वतः तसे नोंदवले आहे. ‘नंतर झाले म्हणून त्यामुळे झाले’ ही चूक पकडायला याहून चांगली जागा नाही. निष्कर्ष बरोबर, त्यासाठी दिलेला हा एक पुरावा मात्र लंगडा. कावळ्याच्या कार्डाची आठवण मुलांनी स्वतः काढली.

१६ ऑगस्ट

जुन्या न्यायशास्त्रातले, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातले, धूर-अग्नीचे उदाहरण लिहिण्याचा साचा म्हणून वापरून पाहिले. पाच पायऱ्या: प्रतिज्ञा (डोंगरावर अग्नी आहे), हेतू (कारण धूर दिसतो), उदाहरण (जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात), उपनय (या डोंगरावर तसाच धूर आहे), निगमन (म्हणून अग्नी आहे).

मुलांची उत्तरे एरवी ‘कारण मला वाटते’वर थांबतात. तिसरी पायरी त्यांना थांबू देत नाही. नियम सांगावा लागतो आणि तो लागू पडलेले एक ठिकाण दाखवावे लागते. नियम उघड्यावर आला की तो मोडताही येतो. दिसते आहे ते धुके असेल तर? हा आक्षेप नैयायिकांनीही, म्हणजे न्यायशास्त्राच्या अभ्यासकांनीही, घेतलेला आहे. आणि नियम उलटा करून चालत नाही, हेही त्यांनी दाखवले: तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. व्यत्यासाचे हे कार्ड आता चौरसाच्या कार्डाशेजारी गेले आहे.

सहावीला पाच पायऱ्या जड जातात. त्यांच्यासाठी पहिल्या तीनच ठेवल्या.

२३ ऑगस्ट

एकाच तर्काचा दोनदा उपयोग, एकदा यशस्वी, एकदा अयशस्वी. युरेनस हिशेबाप्रमाणे फिरत नव्हता. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए याने पलीकडे एक न दिसलेला ग्रह आहे असे मानून त्याची जागा गणिताने काढली. १८४६मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत गाले याला नेपच्यून त्या जागेपासून एक अंशाच्या आतच सापडला. पुढे बुधाच्या कक्षेतही फरक दिसला. ल व्हेरिएने पुन्हा तेच कारण सुचवले: सूर्याजवळ आणखी एक ग्रह असावा. त्याला व्हल्कन हे नावसुद्धा मिळाले. तो कधीच सापडला नाही. तो फरक १९१५मध्ये आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धांताने समजला.

आठवीची मुले यावर फार छान बोलली. सहावीला मात्र कक्षा म्हणजे काय इथपासून सांगावे लागले आणि तर्क मागे पडला. हे कार्ड फक्त आठवीच्या पाकिटात.

३० ऑगस्ट

वर्तुळाच्या ३१ने पडलेला प्रश्न अजून उभा होता: मग गणितात एखादा नमुना कायमचा खरा हे कळते कसे? १ + ३ = ४. १ + ३ + ५ = ९. पुढे १६, २५. ‘हाही पुढे मोडेल,’ असे मुले ठासून म्हणाली.

बटणांनी चौरस रचायला घेतले, पण लहान-मोठ्या बटणांच्या ओळी वाकड्या झाल्या. चौकटीच्या कागदावर घरे रंगवणे सोपे गेले. एक घर रंगवा. त्याच्या उजवीकडे आणि खाली काटकोनात तीन घरे वेगळ्या रंगाने: २ × २ चा चौरस. मग पाच, मग सात. आता प्रश्न असा की १०० × १०० चा चौरस १०१ × १०१ करायला किती घरे लागतील. उजवीकडे १००, खाली १००, कोपऱ्यात एक: २०१, म्हणजे ओळीने पुढची विषम संख्या. कुठल्याही मापाच्या चौरसाला हेच लागू पडते, म्हणून नमुना मोडायला जागाच राहत नाही.

डब्यावरचा प्रश्न पुन्हा वाचला. घरे रंगवण्याआधी हे कार्ड विगामी ढिगात होते. मुलांनी ते निगामी ढिगात नेले आणि वर्तुळाचे कार्ड जिथल्या तिथे ठेवले.

६ सप्टेंबर

मिसळलेल्या कार्डांची वाटणी पुन्हा घेतली, यावेळी व्याख्या न देता. वाद याही वेळी झाले, पण ‘हे कशाने मोडेल’ यावर झाले. काही कार्डांना दोन ढीग शोभतात. स्नो यांच्या तपासात विगामी भाग आहे आणि कारणशोधाचाही. मुलांनी ते कार्ड दोन ढिगांच्या मध्ये ठेवायची परवानगी मागितली आणि मी दिली. प्रत्येक कार्डाला एकच घर असले पाहिजे असा हट्ट धरू नका, खरे तर्क मिश्रच असतात.

नवे कार्ड घातले आहे: २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते. १७४२मध्ये गणितज्ञ गोल्डबाखने ऑयलरला लिहिलेल्या पत्रातून हा प्रश्न पुढे आला. संगणकाने ४ × १०¹⁸ पर्यंत तपासून झाले, एकही अपवाद नाही, आणि सिद्धताही नाही. सातवीचा गट ते निगामी ढिगात टाकत होता, इतकी उदाहरणे बघून. न² + न + ४१चे कार्ड त्यांच्याच एका मैत्रिणीने शेजारी आणून ठेवले.

पुढच्या तुकडीसाठी बदल: पहिला तास थेट सुतळीने सुरू करायचा. ‘अ, क, ४, ७’ आणि तलावाची कार्डे एकाच दिवशी, तलाव आधी. ‘२, ४, ६’च्या खेळात वहीत लिहिण्याची अट पहिल्या फेरीपासून. मण्यांच्या तासानंतर अर्धा तास मोकळा ठेवायचा. साधर्म्याची आणखी कार्डे हवीत. शरीररचना आणि यंत्रे यांच्या तुलनेवर काही लिहायला घेतली आहेत, त्यातले हृदय आणि पंपाचे कार्ड तयार आहे.